घाटावर वाइन द्राक्षे: लागवडीआधी जमीन, पाणी आणि खरेदीदार तपासा

बुलढाणा जिल्ह्याच्या शेजारी जालना जिल्ह्यातील कडवंची गाव आहे. पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या जोरावर या कोरडवाहू गावाने द्राक्षबागा उभ्या केल्या. त्या पाहून आल्यावर देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखली भागातील अनेकांच्या मनात प्रश्न येतो: आपल्याकडे द्राक्ष का नको? आणि लावायचेच तर नाशिकसारखे वाइनचे द्राक्ष का नको? त्याला थिनिंग नाही, जिबरेलिक अॅसिडच्या बुडवण्या नाहीत, पॅकिंग नाही, मजूर कमी लागतात.

थोडक्यात उत्तर असे. घाटावरच्या निवडक जमिनीत, हमखास पाणी असेल तर वाइन द्राक्षे येऊ शकतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात ती लावू नयेत. आणि घाटावरही लेखी खरेदी करार हातात येईपर्यंत एकही रोप लावू नये. असे का, ते या लेखात क्रमाने पाहू.

खाण्याचे द्राक्ष वेगळे, वाइनचे वेगळे

थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस या खाण्याच्या जाती. मणी मोठा, साल पातळ, बी नाही. गोडी १८ ब्रिक्सच्या आसपास आली की माल बाजारात चालतो. वाइनच्या जातींचा मणी लहान असतो, साल जाड असते आणि आत बी असते. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो, त्यामुळे इथे मणी फुगवणे फायद्याचे नसते. मणी फुगला की रसाच्या मानाने साल कमी पडते आणि वाइन फिकी होते.

वाइनरी माल घेताना तीन गोष्टी मोजते:

- साखर: साधारण २२ ते २४ ब्रिक्स. आंबवताना याच साखरेचे अल्कोहोल होते.
- आम्लता: लिटरला साधारण ६ ते ७ ग्रॅम. आम्लता कमी पडली तर वाइन बेचव लागते आणि लवकर बिघडते.
- सामू: साधारण ३.३ ते ३.६. तो वाढला की जिवाणूंचा धोका वाढतो.

या तिन्हींचा मेळ बसला तरच माल पहिल्या प्रतीचा ठरतो. नुसती गोडी आणणे विदर्भाच्या उन्हात अवघड नाही. गोडी येईपर्यंत आम्लता टिकवून धरणे अवघड आहे.

थंड रात्रीचे काम

मण्यात पाणी उतरल्यानंतर साखर वाढू लागते आणि आम्लता कमी होऊ लागते. द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक ही दोन मुख्य आम्ले असतात. टार्टारिक आम्ल बऱ्यापैकी टिकते. मॅलिक आम्ल मात्र वेल श्वसनात वापरून टाकते, आणि तापमान जितके जास्त तितका हा वापर वेगाने होतो. दिवस गरम असला तरी रात्र थंड असेल तर आम्ल वाचते. लाल जातींचा रंगही थंड रात्रीत चांगला भरतो, फार उष्णतेत तो मार खातो.

युरोपात द्राक्ष पिकत जाते तसतसे हवामान थंड होत जाते. आपल्याकडे उलट आहे. आपली काढणी जानेवारीअखेर ते मार्चमध्ये येते, म्हणजे द्राक्ष पिकत जाते तसतसे ऊन वाढत जाते. १० फेब्रुवारीला तयार होणारा माल आणि १५ मार्चला तयार होणारा माल यांच्या प्रतीत त्यामुळे मोठा फरक पडतो. नाशिकचा दिंडोरी परिसर वाइनसाठी नावाजला गेला त्यात समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची आणि हिवाळ्यातील थंड रात्री यांचा मोठा वाटा आहे.

घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्यात 'घाटावर' आणि 'घाटाखाली' हे शब्द बोलण्यात रोज येतात. द्राक्षासाठी तोच भेद निर्णायक आहे.

अजिंठ्याच्या रांगेवर वसलेले बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे तालुकेही पठारावर येतात. उंचीच्या हिशेबाने हा भाग नाशिकच्या जवळ जातो. पण उंची सारखी म्हणून हवामान सारखे असे समजू नये. आपण समुद्रापासून बरेच आत आहोत. उन्हाळा नाशिकपेक्षा कडक असतो आणि फेब्रुवारीअखेरीस दुपारचे तापमान लवकर चढते.

घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्यातील सखल भाग आहे. उंची पठाराच्या निम्म्याहून कमी. जमीन खोल, काळी, चिकण. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्यातच यातील काही तालुके खारपाण पट्ट्यात मोडतात. विहिरीचे पाणी खारे, जमिनीत सोडियम जास्त, निचरा कमी. द्राक्षवेल क्लोराइड आणि सोडियमला नाजूक आहे. पानांच्या कडा करपतात, काडी कमकुवत राहते, काही वर्षांत बाग बसते. या भागात वाइन द्राक्षाचा विचार सोडून द्यावा.

गरम प्रदेशात वाइन होत नाही का?

होते. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात मरे नदीकाठी रिव्हरलँड नावाचा प्रदेश आहे. तो त्या देशातला सर्वांत मोठा वाइन द्राक्षांचा प्रदेश आहे. हवामान उष्ण आणि कोरडे, पाऊस आपल्या निम्म्याहूनही कमी. १८८७ मध्ये चॅफी बंधूंनी रेनमार्क येथे सिंचन वसाहत सुरू केली, तेव्हापासून नदीच्या पाण्यावर बागा उभ्या राहिल्या. मुख्य जाती शिराझ, कॅबरने सॉव्हिन्यॉं आणि शार्डोने. क्षार आणि सूत्रकृमी यांना तोंड देण्यासाठी तिथे रॅमसेसारखे खुंट वापरले जातात.

पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, तिथे काढणीच्या हंगामात हवा कोरडी राहते आणि नदीचे पाणी हमखास मिळते. दोन, रिव्हरलँडचा माल मुख्यतः मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या स्वस्त वाइनमध्ये जातो. अशा मालाचा शेतकरी भावासाठी पूर्णपणे मोठ्या खरेदीदारांवर अवलंबून असतो. चीनने २०२० च्या अखेरीपासून ऑस्ट्रेलियन वाइनवर जबर आयात शुल्क लावले. ते मार्च २०२४ मध्ये उठले. दरम्यान लाल वाइनचे साठे तुंबले, द्राक्षांचे भाव उत्पादन खर्चाखाली गेले आणि अनेकांनी वेली उपटल्या. पीक उत्तम आले होते, तरी विकत घेणारा नव्हता. हाच अनुभव महाराष्ट्राने त्याआधी घेतला आहे. त्याकडे पुढे येऊ.

जमीन आणि पाणी

- मध्यम, मुरमाड, उताराची, उत्तम निचऱ्याची जमीन निवडावी. खोल काळ्या जमिनीत वेल माजते, सावली वाढते, रोग येतात आणि फळाची प्रत उतरते.
- दोन थरांतील (० ते ३० सेंमी आणि ३० ते ६० सेंमी) मातीचे नमुने द्यावेत. सामू, क्षारता, चुनखडी आणि सोडियम तपासावे. चुनखडी जास्त असेल तर लोहाची कमतरता येऊन कोवळी पाने पिवळी पडतात.
- पाण्याची क्षारता, क्लोराइड आणि सोडियम तपासावे. नमुना मे महिन्यातला घ्यावा. पावसाळ्यानंतरचे पाणी नेहमीच चांगले दिसते.

पाण्याचा हिशेब कागदावर मांडावा. समजा, लागवड ८ × ४ फुटांवर केली तर एकरात सुमारे १,३६० वेली बसतात. एप्रिल-मे या ६० दिवसांत वेलीला दिवसाला सरासरी १० लिटर धरले तर सव्वाआठ लाख लिटरच्या आसपास पाणी लागेल. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या १५० दिवसांत ८ लिटर धरले तर आणखी १६ लाख लिटर. म्हणजे पावसाळ्याबाहेर एकरी सुमारे २४ लाख लिटर. ३० × ३० × ३ मीटरच्या शेततळ्यात पूर्ण भरले तर सुमारे २२ लाख लिटर मावते, आणि त्यातलेही बरेच उन्हात उडून जाते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, जमीन आणि बाष्पीभवनानुसार ते बदलतील. पण एका शेततळ्यावर तीन एकर बाग होत नाही, एवढे यातून नक्की कळते. विहीर, शेततळे आणि शक्य असल्यास खडकपूर्णा किंवा पेनटाकळीसारख्या प्रकल्पाचे पाणी असे दोन आधार असावेत.

जाती आणि खुंट

महाराष्ट्रात पांढऱ्या वाइनसाठी सॉव्हिन्यॉं ब्लॉं आणि शेनिन ब्लॉं, तर लाल वाइनसाठी शिराझ आणि कॅबरने सॉव्हिन्यॉं या जाती रुळल्या आहेत. घाटावर लवकर तयार होणाऱ्या जातींना पसंती द्यावी, म्हणजे उन्हाचा तडाखा चुकेल. कॅबरने उशिरा तयार होते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू नये. मात्र जातीची अंतिम निवड आपल्या आवडीने करायची नाही. करार करणारी वाइनरी जी जात मागेल तीच लावावी लागते.

खुंट म्हणून डॉगरिज आपल्याकडे परिचित आहे, पण तो वेलीला जोरदार वाढ देतो. वाइनच्या बागेत मध्यम वाढ हवी असते, म्हणून ११० आर हा खुंट अधिक वापरला जातो. माती-पाण्याच्या अहवालानंतरच खुंट ठरवावा.

वाइनऐवजी रसाचा विचार करणाऱ्यांनी दोन भारतीय वाणांची माहिती घ्यावी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एआरआय-५१६ हा संकरित वाण बुरशीजन्य रोगांना बऱ्यापैकी तोंड देतो. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा 'मांजरी मेडिका' हा रंगीत रसाचा वाण पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून आला आहे. यांनाही खरेदीदार आधीच ठरवावा लागतो, हे विसरू नये.

वर्षाचे वेळापत्रक

नवीन बागेत फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंटाची लागवड करावी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कलम भरावे. पुढच्या वर्षी खोड आणि ओलांडे तयार करून घ्यावेत. विकण्याजोगे पहिले पीक यायला लागवडीपासून साधारण दोन वर्षे लागतात. तोपर्यंत फक्त खर्च असतो.

चालू बागेत वर्षाला दोन छाटण्या होतात.

- खरड छाटणी, एप्रिल: यानंतर साधारण ४० ते ७० दिवसांत काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. म्हणजे पुढच्या फेब्रुवारीचे पीक मे-जूनमध्येच ठरते. या काळात पाणी तुटले किंवा काडीवर ऊन पडले नाही तर पुढे घड कमी निघतात.
- फळछाटणी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर: इथून काढणीपर्यंत जातीनुसार साधारण १३० ते १६० दिवस लागतात. १ ऑक्टोबरला छाटणी केली आणि जात १४० दिवसांची असेल तर माल १८ फेब्रुवारीला तयार होतो. जात १५५ दिवसांची असेल तर ५ मार्च उजाडतो.

घाटावरचे ऊन पाहता काढणी फेब्रुवारीत संपेल असे नियोजन करावे. छाटणी फार लवकर घेतली तर परतीच्या पावसात कोवळ्या फुटीवर केवडा येतो. उशिरा घेतली तर माल उन्हात सापडतो. दोन्हींमधली खिडक अरुंद आहे. सगळी बाग एकाच दिवशी न छाटता आठवड्याच्या अंतराने दोन टप्पे करावेत.

एकरी उत्पादनाचा हव्यास टाळावा. खाण्याच्या द्राक्षाचे १० ते १२ टन काढणारे बागायतदार आहेत. वाइनसाठी ४ ते ६ टनांवर थांबावे. जास्त घड ठेवले तर साखर भरायला उशीर होतो आणि तोवर आम्लता निघून जाते.

रोग, किडी आणि गारपीट

केवडा, भुरी आणि करपा हे मुख्य रोग. उडद्या, तुडतुडे, फुलकिडे, पिठ्या ढेकूण आणि खोडकिडा या मुख्य किडी. उभ्या तारांच्या मांडणीत वेलीतून हवा खेळती ठेवली आणि घडाजवळची काही पाने वेळेवर काढली तर निम्मे काम फवारणीविना होते. पाने काढताना पश्चिमेकडील बाजू थोडी झाकलेली ठेवावी, नाहीतर दुपारच्या उन्हात मणी भाजतात.

काढणीपूर्व प्रतीक्षा काळ काटेकोर पाळावा. मालावर गंधक राहिले तर आंबवताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. ताम्रयुक्त औषधांचे अवशेषही आंबवण्यात अडथळा आणतात. वाइनरी अवशेष तपासणीवर माल नाकारू शकते, म्हणून फवारणीची नोंदवही तारखेनिशी ठेवावी.

गारपिटीचा धोका आपल्याकडे खरा आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आणि फेब्रुवारी २०१८ ची गारपीट शेतकरी विसरलेले नाहीत. दोन्ही वेळा नेमका द्राक्ष काढणीचा हंगाम होता. फुटलेल्या मण्यांचा माल वाइनरी घेत नाही. विमा योजना आपल्या महसूल मंडळात आणि या पिकाला लागू आहे का, हे लागवडीआधी कृषी कार्यालयात विचारून घ्यावे.

काढणी आणि वाहतूक

काढणी पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी संपवावी. गरम माल क्रेटमध्ये दाबला गेला की रस सुटतो आणि वाटेतच आंबायला लागतो. इथे घाटावरची मोठी अडचण येते. राज्यातील बहुतेक वाइनरी नाशिक, पुणे आणि सांगली भागात आहेत. विंचूरचे वाइन पार्क देऊळगाव राजापासून दोनशे किलोमीटरहून अधिक लांब आहे. दिवसा उघड्या ट्रकमधून माल नेणे परवडणार नाही. संध्याकाळी भरून रात्री प्रवास किंवा शीतवाहन हे दोनच मार्ग उरतात. त्याचा खर्च कोणाकडे, हे करारात लिहून घ्यावे.

खरेदीदार नसेल तर काय होते?

राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. कर सवलती मिळाल्या, वाइनरींची संख्या भराभर वाढली आणि शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती लावल्या. २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षीचा मुंबईवरील २६ नोव्हेंबरचा हल्ला यानंतर हॉटेल आणि पर्यटन व्यवसाय बसला. वाइनची मागणी घटली, टाक्या भरलेल्या राहिल्या, खरेदी थांबली, अनेकांचे पैसे अडकले. पुढच्या एक-दोन हंगामांत शेतकऱ्यांनी बागांवर कुऱ्हाड चालवली, काहींनी खाण्याच्या जातींची कलमे केली.

यातला मुख्य मुद्दा समजून घ्यावा. थॉमसनचा भाव पडला तर तो माल जवळच्या बाजारात विकता येतो, नाहीतर बेदाणा करता येतो. बी असलेले, लहान मण्याचे वाइन द्राक्ष बाजार समितीत कोणी घेत नाही आणि त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. एक खरेदीदार हातचा गेला की दुसरा दरवाजा नाही. मजुरीत वाचलेल्या पैशांपेक्षा ही जोखीम मोठी आहे.

करारात किमान या गोष्टी असाव्यात:

- मुदत निदान पाच वर्षे, जात आणि क्षेत्र स्पष्ट.
- किमान दर आणि ब्रिक्सनुसार वाढ-घट. आम्लता आणि सामूची मर्यादा.
- नमुना कोण, कधी, कुठे तपासणार. बागेत तपासणी झाल्यावर वाइनरीच्या दारात माल नाकारता येणार नाही अशी अट.
- काढणीची तारीख वाइनरीने पुढे ढकलली तर वजनातील घट कोणाची.
- पैसे किती दिवसांत, आणि उशीर झाल्यास व्याज.
- वाहतूक आणि क्रेट कोणाचे.

साधा हिशेब

समजा एकरी ५ टन माल आणि किलोला ४० रुपये दर मिळाला. उत्पन्न २ लाख रुपये. यातून मजुरी, खते, औषधे, पाणी, वाहतूक, तारा-ठिबक-रोपांवरील कर्जाचा हप्ता आणि पहिल्या दोन बिनपिकाच्या वर्षांच्या खर्चाचा वाटा वजा करावा. नंतर दर २५ रुपये धरून तोच हिशेब पुन्हा करावा, आणि पाच वर्षांतले एक वर्ष गारपिटीचे धरावे. एवढे करूनही सोयाबीन-हरभऱ्यापेक्षा हाती जास्त उरत असेल तरच पुढे जावे.

सुरुवात कशी करावी

एकट्याने उडी घेऊ नये. पंधरा-वीस शेतकऱ्यांचा गट किंवा उत्पादक कंपनी असेल तर एक पूर्ण ट्रक भरतो, वाइनरी बोलायला तयार होते आणि रात्रीची वाहतूक परवडते. बुलढाणा येथील कृषी विज्ञान केंद्र, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांचा सल्ला घ्यावा. विस्तार कार्यकर्त्यांनी गटाला आधी कडवंचीला न्यावे आणि तिथे बागेइतकेच शेततळ्यांकडे लक्ष द्यायला सांगावे.

एक काम मात्र आजपासून बिनखर्चात करता येते. ज्या शेतात बाग करायची आहे तिथे सावलीत एक किमान-कमाल तापमापी टांगा. जानेवारी ते मार्च रोज सकाळी वहीत दोन आकडे लिहा. फेब्रुवारीच्या रात्री किती थंड राहतात आणि दुपार किती तापते, हे दोन हंगामांत कळेल. वाइनरीच्या दारात बोलणी करायला जाताना माती-पाण्याच्या अहवालासोबत ही वही न्या. हातात स्वतःच्या शेताचे आकडे असलेल्या शेतकऱ्याशी खरेदीदारही वेगळ्या तऱ्हेने बोलतो.